अध्यक्षपद गेल्यानंतर प्रतिनिधिगृहात सतरा वर्षे: जॉन क्विन्सी ॲडम्स यांचे मोल कशावरून ठरवावे?

कृष्णाकाठ:

नमस्कार. जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका येथील अनेकांना परिचित असेल. गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी अमेरिकेतील सदाचारी लोकांनी जी निरपेक्ष वृत्ती दाखवली, तिच्या सन्मानार्थ जोतीरावांनी ते पुस्तक त्यांना अर्पण केले. हे लोक नेमके कोण होते, हे जाणून घ्यावे या हेतूने मी गेले काही महिने वाचन करीत आहे. लिंकन, फ्रेडरिक डग्लस, विल्यम लॉइड गॅरिसन ही नावे ओघाने आलीच. परंतु मला सर्वांत जास्त काळ थांबवून ठेवले ते जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी, आणि त्यांच्याविषयीचा माझा गोंधळ दूर व्हावा म्हणून हा धागा काढीत आहे.

त्यांच्या चरित्राचा पूर्वार्ध मला बऱ्यापैकी समजला आहे. जन्म ११ जुलै १७६७ रोजी मॅसॅच्युसेट्समधील ब्रेंट्री येथे. वडील जॉन ॲडम्स हे पुढे देशाचे दुसरे अध्यक्ष झाले. आई ॲबिगेल यांच्यासोबत घराजवळच्या टेकडीवरून अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील बंकर हिलच्या लढाईचा धूर पाहिला तेव्हा हा मुलगा सात वर्षांचा होता, आणि अमेरिकेचे दूत फ्रान्सिस डेना यांचा सचिव म्हणून सेंट पीटर्सबर्गला निघाला तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा. नेदरलँड्स, प्रशिया, रशिया आणि ब्रिटन येथे त्यांनी देशाचे राजदूत म्हणून काम केले, १८१४ मध्ये ब्रिटनबरोबरचे युद्ध संपवणाऱ्या गेंटच्या तहाच्या वाटाघाटी केल्या, आणि १८१७ ते १८२५ या काळात अध्यक्ष मन्रो यांचे परराष्ट्रमंत्री असताना १८१९ च्या तहाने स्पेनकडून फ्लोरिडा मिळवला. युरोपीय सत्तांनी अमेरिका खंडांत नव्याने वसाहती करू नयेत, या मन्रो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १८२३ च्या सिद्धांतामागेही बरीचशी बुद्धी त्यांचीच होती.

अध्यक्षपदाची चार वर्षे मात्र निराशेची दिसतात. १८२४ च्या निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सन यांना ९९, ॲडम्स यांना ८४, क्रॉफर्ड यांना ४१ आणि हेन्री क्ले यांना ३७ निर्वाचक मते मिळाली. कोणालाच बहुमत नसल्यामुळे निर्णय प्रतिनिधिगृहाकडे, म्हणजे अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) कनिष्ठ सभागृहाकडे, गेला आणि तेथे १३ राज्यांच्या पाठिंब्याने ॲडम्स निवडून आले. पाठोपाठ त्यांनी, तेथे आपल्याला पाठिंबा देणाऱ्या क्ले यांना परराष्ट्रमंत्री नेमले आणि 'भ्रष्ट सौदा' हा आरोप त्यांना कायमचा चिकटला. १८२८ मध्ये जॅक्सन यांनी त्यांचा दणदणीत पराभव केला.

येथपर्यंत सर्व ठीक आहे. यानंतर मात्र १८३० साली हा माजी अध्यक्ष आपल्या प्लिमथ मतदारसंघातून साधा प्रतिनिधी म्हणून निवडून येतो आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे १८४८ पर्यंत, त्याच सभागृहात बसतो. अमेरिकेच्या इतिहासात असे करणारे ते एकमेव माजी अध्यक्ष आहेत. काही लेखक या सतरा वर्षांना त्यांच्या आयुष्याचा कळस मानतात, तर काहींच्या मते पराभवाचा सल काढण्याची ही धडपड होती. ते खरोखर गुलामगिरीचे विरोधक होते, की केवळ अर्ज करण्याच्या हक्काचे रक्षक, हेही मला नीट उलगडलेले नाही. आमच्या गावच्या वाचनालयातील अभ्यासवर्गात मला याच विषयावर बोलायचे आहे, म्हणून जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.


शोधयात्री:

आपण प्रश्न नेमका मांडला आहे. पराभवाचा सल होता, यात मला शंका नाही. त्यांची रोजनिशी वाचणाऱ्याला तो पानोपानी जाणवतो. १७७९ साली, म्हणजे बाराव्या वर्षी, सुरू केलेली ही रोजनिशी त्यांनी जवळजवळ अखेरपर्यंत लिहिली आणि ती ५१ खंडांची झाली. १८२९ चा उन्हाळा त्यांना किती जड गेला असेल याची कल्पना करावी: मार्चमध्ये पद गेले, आणि एप्रिलच्या अखेरीस थोरला मुलगा जॉर्ज वडिलांकडे येत असताना जहाजावरून पाण्यात पडून बुडाला. तो अपघात नव्हता, असे अनेकांना वाटते. माजी अध्यक्षाला त्या काळी निवृत्तिवेतन नव्हते आणि घरची आर्थिक स्थितीही चिंतेची होती. अशा वेळी मतदारसंघातील लोकांनी विचारले, तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. लोकांनी निवडून दिले असता माजी अध्यक्षाने प्रतिनिधिगृहातच काय, पण गावच्या पंचमंडळात काम केले तरी त्यात कोणताही कमीपणा नाही, असे ते म्हणाले. आणि स्वतः मते मागायला मात्र गेले नाहीत. निवडून आल्यावर, अध्यक्षपदाच्या निवडीनेही अंतःकरणाला इतके समाधान मिळाले नव्हते, अशी नोंद त्यांनी केली आहे. ज्याची अध्यक्षपदावरची निवड सौद्याच्या आरोपाने डागाळली होती, त्याला थेट मतदारांनी दिलेला हा कौल किती हवाहवासा वाटला असेल, हे समजण्यासारखे आहे.

आता मूळ मुद्दा. ते सभागृहात आले तेव्हा गुलामगिरीविरुद्ध लढायचे असे ठरवून आले नव्हते. डिसेंबर १८३१ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील क्वेकर पंथीयांचे पंधरा अर्ज त्यांनी मांडले. राजधानीच्या कोलंबिया जिल्ह्यातील गुलामगिरी आणि गुलामांचा व्यापार बंद करावा, अशी त्यांत मागणी होती. अर्ज मांडतानाच त्यांनी सांगून टाकले की जिल्ह्यातील गुलामगिरी रद्द करण्याच्या मागणीला आपला स्वतःचा पाठिंबा नाही. नागरिकाचा अर्ज सभागृहापुढे ठेवणे हे प्रतिनिधीचे कर्तव्य आहे, त्यातील मागणी पटो वा न पटो, इतकीच त्यांची तेव्हाची भूमिका होती.

त्यांना पुढे ढकलले ते दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी असलेल्या राज्यांच्या, आडमुठेपणाने. १८३३ मध्ये अमेरिकन गुलामगिरीविरोधी संस्था स्थापन झाली आणि नंतरच्या काही वर्षांत लाखो सह्यांचे अर्ज वॉशिंग्टनला येऊ लागले. त्यांतील फार मोठा वाटा स्त्रियांचा होता. त्यांना मताचा अधिकार नव्हता आणि राज्यकर्त्यांच्या कानावर काही घालायचे तर अर्ज हाच एक मार्ग त्यांच्यापाशी होता. २६ मे १८३६ रोजी दक्षिण कॅरोलिनाचे हेन्री पिंकनी यांच्या समितीचा ठराव ११७ विरुद्ध ६८ मतांनी संमत झाला: गुलामगिरीशी संबंधित कोणताही अर्ज न छापता, न चर्चिता, आपोआप बाजूला ठेवला जाईल आणि त्यावर पुढे काहीही केले जाणार नाही. इतिहासात याला जे नाव पडले त्याचा आशय मराठीत 'मुस्कटदाबीचा नियम' असाच सांगावा लागेल. सभापती जेम्स पोक बोलू देईनात, तेव्हा ॲडम्स यांनी माझे तोंड बांधले आहे की नाही, असा जाब विचारला. आणि मतदानाच्या वेळी त्यांचे नाव पुकारले गेले, तेव्हा हा ठराव राज्यघटनेचा, सभागृहाच्या नियमांचा आणि माझ्या मतदारांच्या हक्कांचा सरळसरळ भंग करणारा आहे, असे त्यांनी गोंधळातच ऐकवले.

पुढची आठ वर्षे हा मनुष्य त्या नियमाच्या मागे लागला, आणि त्यांचे संसदीय कौशल्य पाहायचे असेल तर ६ फेब्रुवारी १८३७ चा प्रसंग वाचावा. त्या दिवशी त्यांनी सभापतींना विचारले, की माझ्यापाशी एक अर्ज आहे, त्यावर सह्या करणारी २२ माणसे स्वतःला गुलाम म्हणवतात. तर हा अर्ज नियमात बसतो काय? सभागृह खवळून उठले. या म्हाताऱ्याला निंदेचा ठराव करून शिक्षा द्या, हाकलून द्या, अर्ज जाळून टाका, अशी ओरड झाली. ठरावाचे मसुदे एकामागून एक येऊ लागले. बराच वेळ हे होऊ दिल्यानंतर ॲडम्स यांनी शांतपणे सांगितले, की सदस्यांनी ठरावाची भाषा बदलावी हे बरे. कारण आपण अर्ज मांडलेलाच नाही, तो मांडता येतो काय एवढेच विचारले आहे, आणि अर्जातील मागणी गुलामगिरी रद्द करण्याच्या अगदी उलट आहे. हा अर्ज त्यांची फजिती करण्यासाठी कोणीतरी पाठवला असावा, अशी त्यांना स्वतःलाही शंका होती. पण त्यांनी त्यातून जो प्रश्न उभा केला तो खरा होता: गुलामाला गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क आहे की नाही? गरिबातल्या गरिबाला आणि दुबळ्यातल्या दुबळ्याला दयेची याचना करता आली पाहिजे, हा हक्क निरंकुश राजेसुद्धा नाकारीत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. निंदेचे सर्व ठराव फेटाळले गेले.


सह्यकडा:

शोधयात्री यांचे विवेचन उत्तम आहे. परंतु अभ्यासवर्गात बोलताना आपण, कृष्णाकाठ, ॲडम्स यांच्या आयुष्यातील पहिली साठ वर्षे झाकून ठेवू नयेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

गेंटच्या तहानंतरची गोष्ट घ्या. १८१२ च्या युद्धात हजारो गुलाम ब्रिटिशांच्या आश्रयाला गेले आणि ब्रिटिश जहाजांतून निघून गेले. अमेरिकेने त्यांची भरपाई मागितली. ही मागणी लंडनमध्ये राजदूत म्हणून आणि नंतर परराष्ट्रमंत्री म्हणून वर्षानुवर्षे नेटाने लावून धरणारे गृहस्थ जॉन क्विन्सी ॲडम्सच होते, आणि त्यांच्याच अध्यक्षीय कारकिर्दीत ब्रिटनने १२ लाख डॉलरहून थोडी अधिक रक्कम देण्याचे मान्य केले. स्वतःच्या पायांनी स्वातंत्र्याकडे चालत गेलेल्या माणसांची ही किंमत होती आणि ती त्यांच्या जुन्या मालकांच्या खिशात गेली. तसेच, गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांची परस्परांनी झडती घ्यावी, हा ब्रिटिश राजदूत स्ट्रॅटफर्ड कॅनिंग यांचा प्रस्ताव ॲडम्स यांनी प्रथम धुडकावला. गुलामांच्या व्यापाराहून मोठे पाप आपल्या कल्पनेत येते काय, या कॅनिंग यांच्या प्रश्नावर, झडतीचा हक्क देणे हे अधिक मोठे पाप आहे, कारण त्याने आम्ही स्वतःच गुलाम होऊ, असे उत्तर त्यांनी दिले. त्यांच्या देशाच्या खलाशांना ब्रिटिश नौदलाने वर्षानुवर्षे बळजबरीने पकडून नेले होते, हे लक्षात घेतले तरी ते उत्तर आज वाचताना मन विषण्ण होते.

मूळ रहिवाशांच्या बाबतीतही असेच. १८२५ मध्ये जॉर्जियातील क्रीक लोकांच्या जमिनी एका फसव्या तहाने हिरावल्या गेल्या. अध्यक्ष ॲडम्स यांनी आधी त्या तहावर सही केली, फसवणूक उघड झाल्यावर तो मोडून दुसरा करवून घेतला, हे त्यांच्या बाजूने सांगता येईल. पण जॉर्जियाचे गव्हर्नर ट्रूप यांनी दंड थोपटले तेव्हा केंद्रसत्तेने माघार घेतली आणि जमिनी गेल्या त्या गेल्याच.

याचा अर्थ त्यांना गुलामगिरीचे पाप दिसत नव्हते असा नाही, आणि हीच गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. १८२० मध्ये मिसूरीला गुलामगिरी असलेले राज्य म्हणून संघराज्यात घ्यावे की नाही, या प्रश्नावरून देश दुभंगत असताना त्यांनी रोजनिशीत गुलामगिरीला या संघराज्यावरचा मोठा आणि किळसवाणा डाग म्हटले आहे आणि मिसूरीचा वाद हे एका मोठ्या शोकांतिकेचे केवळ मुखपृष्ठ आहे, असे भाकीत केले आहे. मंत्रिमंडळाच्या बैठकीनंतर सहकारी कॅल्हून यांच्यासोबत घरी चालत जाताना झालेला संवादही तेथे आहे: मानवी समतेची तत्त्वे उदात्त आहेत हे मान्य, पण दक्षिणेत ती फक्त गोऱ्यांनाच लागू होतात, असे कॅल्हून यांनी सांगितले. ॲडम्स यांनी हे सर्व घरी जाऊन लिहून ठेवले, आणि मंत्रिमंडळात मिसूरीच्या तडजोडीला संमती दिली. सर्व कळत असताना त्यांनी सोळा वर्षे जाहीरपणे तोंड उघडले नाही. त्या काळात अध्यक्षपद हवे असणाऱ्या माणसाला दक्षिणेची मते लागत होती.

म्हणून माझे मत असे आहे की, अध्यक्षपद गमावल्यामुळेच ते मोकळे झाले. गमावण्यासारखे काही उरले नाही तेव्हा त्यांनी बोलायला सुरुवात केली. याने त्यांच्या कामाचे मोल कमी होत नाही, पण त्यांच्या आयुष्याला सरळ चढत्या रेषेचे रूप देणे योग्य होणार नाही.


उलटतपासणी:

मी व्यवसायाने वकील असल्यामुळे 'आमिस्ताद' खटल्याविषयी लिहितो. आपला मूळ प्रश्न, म्हणजे ते हक्काचे रक्षक की गुलामगिरीचे विरोधक, याचे उत्तर मला या खटल्यातील त्यांच्या युक्तिवादात सापडते.

हकीकत थोडक्यात अशी. १८३९ मध्ये पश्चिम आफ्रिकेतून पळवून आणलेल्या मेंडे लोकांना हवानामध्ये विकण्यात आले. स्पेनने गुलामांची आयात १८२० पासूनच बेकायदा ठरवली होती, तरी खोट्या कागदपत्रांवर त्यांना जुने क्युबन गुलाम म्हणून दाखवले गेले. रुईझ आणि मोंतेस या दोन खरेदीदारांनी ५३ जणांना 'आमिस्ताद' नावाच्या लहान जहाजावर चढवले. वाटेत सेंग्बे पिए, ज्याला अमेरिकेत सिंके म्हणत, याच्या नेतृत्वाखाली त्यांनी उठाव करून जहाज ताब्यात घेतले आणि उगवतीकडे, म्हणजे आफ्रिकेकडे, नेण्यास फर्मावले. जिवंत ठेवलेले खरेदीदार दिवसा पूर्वेकडे आणि रात्री उत्तरेकडे जहाज नेत राहिले आणि ऑगस्टमध्ये लाँग आयलंडजवळ अमेरिकन नौदलाने सर्वांना पकडले.

कनेक्टिकटच्या तुरुंगात या लोकांचे बोलणे कोणालाच समजेना. तेव्हा येलचे भाषाशास्त्रज्ञ जोसाया गिब्ज यांनी त्यांच्याकडून एक ते दहा आकडे शिकून घेतले आणि न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ते मोठ्याने म्हणत फिरले. जेम्स कोव्ही या खलाशाला ते आकडे ओळखू आले आणि दुभाषी मिळाला. (खटल्याचा निकाल अनेकदा अशा कोणाच्या तरी चिकाटीवर ठरतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.) जिल्हा न्यायालयाने ही माणसे स्वतंत्र आहेत असा निर्णय दिला. अध्यक्ष व्हॅन ब्युरेन यांच्या सरकारने तर निकालापूर्वीच न्यू हेवनच्या बंदरात 'ग्रॅम्पस' हे नौदलाचे जहाज आणून ठेवले होते. निकाल कैद्यांच्या विरुद्ध लागला असता अपील होण्याआधीच त्यांना क्युबाला रवाना करण्याचा बेत होता. तो फसला, तेव्हा सरकारनेच अपील केले.

कैद्यांच्या बचावासाठी झटणारी लुईस टॅपन आदी गुलामगिरीविरोधी मंडळी ॲडम्स यांच्याकडे आली तेव्हा त्यांचे वय ७३ वर्षांचे होते, हात थरथरत होते आणि सर्वोच्च न्यायालयापुढे युक्तिवाद करून तीन दशकांहून अधिक काळ लोटला होता. त्यांनी आधी नकार दिला आणि नंतर होकार. तुरुंगात इंग्रजी शिकलेल्या काले नावाच्या मुलाने त्यांना पत्र लिहिले होते. आम्ही काय चूक केली, अमेरिकन लोक आम्हाला तुरुंगात का ठेवतात, हे न्यायालयाला विचारा, असा त्याचा आशय होता. कायद्याचा मुख्य किल्ला रॉजर शर्मन बाल्डविन यांनी लढवला, आणि त्यांचे श्रेय कोणी विसरू नये. २४ फेब्रुवारी १८४१ रोजी ॲडम्स उभे राहिले आणि साडेचार तास बोलले. त्याच रात्री न्यायमूर्ती बार्बर यांचे झोपेत निधन झाले, कामकाज थांबले, आणि १ मार्चला त्यांनी उरलेला युक्तिवाद पूर्ण केला.

स्पेनची भिस्त १७९५ च्या तहातील नवव्या कलमावर होती: चाचे किंवा लुटारू यांच्या हातून सोडवलेली जहाजे आणि माल मूळ मालकाला परत करावा. हे कलम ज्या तहाने पुढे चालू राहिले तो १८१९ चा तह ॲडम्स यांनीच केला होता, त्यामुळे त्याच्या अर्थाविषयी बोलण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणालाच नव्हता. त्यांनी विचारले की, या कलमात ही माणसे बसवायची कशी? ती एकाच वेळी लुटारू आणि लुटला गेलेला माल कशी असू शकतील? स्वतःला स्वतःपासून लुटले, असा आरोप त्यांच्यावर ठेवायचा काय? तर्काची ही मांडणी इतकी स्वच्छ आहे की नवोदित वकिलांनी ती अवश्य अभ्यासावी. यानंतर त्यांनी न्यायालयाच्या खांबावर टांगलेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या प्रतीकडे बोट दाखवले आणि जीवन व स्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे हे ज्या क्षणी आपण मान्य करतो, त्याच क्षणी हा खटला निकालात निघतो, असे सांगितले.

९ मार्च रोजी न्यायमूर्ती स्टोरी यांनी निकाल वाचला. एक न्यायमूर्ती वगळता बाकी सर्व त्याच्याशी सहमत होते: ही माणसे कायद्याने कधीच गुलाम नव्हती, म्हणून ती मुक्त आहेत. येथे सह्यकडा यांच्या सावधगिरीला मी दुजोरा देतो. निकाल अरुंद पायावर उभा होता. हीच माणसे स्पॅनिश कायद्याने रीतसर गुलाम असती तर न्यायालयाने त्यांना परत पाठवले असते. जाहीरनाम्याचा उल्लेख निकालात नाही. परतीच्या प्रवासाचा खर्चही सरकारने दिला नाही. वर्गणी जमवून वाचलेल्या ३५ जणांना नोव्हेंबर १८४१ मध्ये जहाजावर बसवण्यात आले आणि पुढच्या जानेवारीत ते सिएरा लिओनला पोहोचले.

तरीही, जो प्रतिनिधी दहा वर्षांपूर्वी मी केवळ अर्ज पोहोचवतो असे म्हणत होता, तो येथे स्वतःच्या आवाजात माणसांच्या स्वातंत्र्याची मागणी करतो आहे, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.


कृष्णाकाठ:

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. सह्यकडा यांनी दाखवलेली बाजू मी टाळणार नाही. किंबहुना गुलामांच्या भरपाईची हकीकत मला ठाऊकच नव्हती आणि ती कळल्यावर एक दिवस काही लिहिण्याची इच्छा झाली नाही.

दोन गोष्टी विचारावयाच्या आहेत. मुस्कटदाबीचा नियम अखेर कसा रद्द झाला? आणि युद्धकाळात सरकारला गुलाम मुक्त करण्याचा अधिकार आहे, हा विचार ॲडम्स यांनी लिंकन यांच्या कितीतरी आधी मांडला होता, असे वाचनात आले. ते खरे आहे काय?


शोधयात्री:

दुसरे आधी सांगतो: होय, खरे आहे. मे १८३६ मध्ये, तो नियम संमत होण्याच्या आदल्याच दिवशी, त्यांनी सभागृहात बजावले की गुलामगिरी असलेली राज्ये ज्या क्षणी युद्धभूमी बनतील, त्या क्षणी काँग्रेसचे युद्धविषयक अधिकार तेथील गुलामगिरीपर्यंत पोहोचतील. १८४२ मध्ये ते आणखी पुढे गेले आणि सैन्याच्या सेनापतीला सर्व गुलामांच्या मुक्ततेचा हुकूम देता येईल, असे म्हणाले. ते असे बोलले तेव्हा दक्षिणेला ते धमकीसारखे वाटले. यादवी युद्ध सुरू झाल्यावर सिनेटर चार्ल्स समनर यांनी हीच मांडणी पुन्हा पुढे आणली, आणि १ जानेवारी १८६३ चा लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा अध्यक्षाच्या लष्करी अधिकारावरच आधारलेला आहे. शांततेच्या काळात राज्यांतील गुलामगिरीला हात लावण्याचा अधिकार केंद्राला नाही, हे ॲडम्स शेवटपर्यंत मानत होते. म्हणून युद्धाचा हा अपवाद त्यांनी इतक्या काळजीने घडवून ठेवला.

नियमाविषयी. आधी तो प्रत्येक अधिवेशनात नव्याने संमत करावा लागे; जानेवारी १८४० मध्ये तो सभागृहाच्या कायम नियमांत घातला गेला, पण मताधिक्य ११४ विरुद्ध १०८ इतके खाली आले होते. उत्तरेतील साध्या मतदाराला काळ्या माणसाच्या दास्याची फारशी फिकीर नसेल, पण त्याचा स्वतःचा अर्ज उघडून न पाहता फेकला जातो हे त्याला झोंबत होते, आणि ॲडम्स यांनी नेमके तेथेच बोट ठेवले होते.

२४ जानेवारी १८४२ रोजी त्यांनी हेव्हरिल गावातील ४६ नागरिकांचा अर्ज मांडला. त्यात चक्क संघराज्य शांततेने विसर्जित करावे, अशी मागणी होती. मागणी फेटाळण्याची कारणे देणारे उत्तर तयार करावे, अशा सूचनेसह तो समितीकडे पाठवावा, असे ॲडम्स यांनी सुचवले. विरोधकांना आयती संधी मिळाली असे वाटले. व्हर्जिनियाचे गिल्मर आणि केंटकीचे मार्शल यांनी निंदेचे ठराव आणले, आणि मार्शल यांनी तर राजद्रोहाला चिथावणी दिल्याचा ठपका ठेवला. बचावासाठी उभे राहताच ॲडम्स यांनी लिपिकाला स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा पहिला परिच्छेद वाचण्यास सांगितले. जुलमी सरकार बदलण्याचा किंवा मोडण्याचा लोकांचा हक्क त्यात नमूद आहे, तेथपर्यंत वाचा, वाचा, असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. ज्यावर अर्ज मांडण्याची बंदी होती त्याला आता स्वतःच्या बचावासाठी वाटेल ते बोलण्याची मुभा मिळाली होती, आणि गुलामगिरीने उत्तरेच्या हक्कांवर केलेल्या प्रत्येक आक्रमणाचा पाढा त्यांनी दोन आठवडे वाचला. संदर्भ जमवून देण्यासाठी थिओडोर वेल्ड हे गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते राजधानीत येऊन राहिले होते. ७ फेब्रुवारीला, आपल्याला आणखी आठवडाभर तरी लागेल असे त्यांनी सांगितले, तेव्हा १०६ विरुद्ध ९३ मतांनी तो ठराव बाजूला ठेवून सभागृहाने स्वतःची सुटका करून घेतली. यानंतर उत्तरेतील सदस्य एकेक करून सरकत गेले. ३ डिसेंबर १८४४ रोजी ॲडम्स यांच्याच प्रस्तावावर १०८ विरुद्ध ८० मतांनी नियम रद्द झाला. परमेश्वराचे नाव सदासर्वदा धन्य असो, असे त्यांनी त्या रात्री लिहिले आहे.


सह्यकडा:

एक भर घालतो, कारण अध्यक्षपदाची चार वर्षे अगदीच वाया गेली, असे चित्र माझ्या आधीच्या लिखाणातून उभे राहू नये. डिसेंबर १८२५ च्या पहिल्या वार्षिक संदेशात त्यांनी रस्ते आणि कालवे, राष्ट्रीय विद्यापीठ आणि वेधशाळा यांची मागणी केली. युरोपात १३० हून अधिक वेधशाळा आहेत, त्यांना त्यांनी आकाशातील दीपगृहे म्हटले, आणि आपल्या संपूर्ण अमेरिकी गोलार्धात एकही नाही, याची खंत व्यक्त केली. त्या शब्दांची विरोधकांनी वर्षानुवर्षे टर उडवली. पुढे जेम्स स्मिथसन या इंग्रज शास्त्रज्ञाच्या मृत्युपत्रानुसार पाच लाख डॉलरहून अधिक रक्कम ज्ञानवृद्धीसाठी अमेरिकेला मिळाली, तेव्हा ती उधळली जाऊ नये म्हणून प्रतिनिधी ॲडम्स दहा वर्षे पहारा देत राहिले. सरकारने ती रक्कम आर्कान्सास राज्याच्या रोख्यांत गुंतवली आणि राज्याने पैसे बुडवले, तेव्हा मुद्दल सरकारने भरून द्यावे आणि खर्च केवळ व्याजातून करावा, हा त्यांचा आग्रह होता. १८४६ मध्ये स्थापन झालेली स्मिथसोनियन संस्था याच आग्रहावर उभी आहे. अध्यक्ष म्हणून जे करता आले नाही ते त्यांनी समितीत बसून केले.

आणि त्यांच्या शेवटच्या मतदानाविषयी, कारण अनेक लेखांत ते गुलामगिरीच्या ठरावावर झाले असे चुकीचे छापले जाते. मे १८४६ मध्ये मेक्सिकोविरुद्ध युद्ध जाहीर झाले तेव्हा विरोधात मत देणाऱ्या अवघ्या १४ प्रतिनिधींत ते होते. गुलामगिरीच्या विस्तारासाठीच हे युद्ध ओढवून घेतले आहे, असे त्यांना वाटत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १८४७ च्या फेब्रुवारीत ते परत आले तेव्हा सारे सभागृह उठून उभे राहिले. २१ फेब्रुवारी १८४८ रोजी त्याच युद्धातील अधिकाऱ्यांचे आभार मानून त्यांना पदके देण्याचा ठराव मताला आला. ॲडम्स यांनी स्पष्ट आवाजात 'नाही' म्हटले, थोड्या वेळाने बोलण्यासाठी उठू लागले आणि आसनावर कोसळले. त्यांना हलवणे शक्य नसल्यामुळे सभापतींच्या दालनात नेण्यात आले आणि २३ तारखेला तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे वय ८० होते. आपण हा प्रसंग सांगणार असाल तर ठराव कोणता होता हे अवश्य सांगावे.